शाळेच्या घरचं नवं

आमच्या दोरीवर दर रविवारी एक पुरुषाचा शर्ट वाळत असे. निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा. आई तो सकाळी साबणाने धूत असे, झटकत असे आणि वाडीतून वर येणाऱ्या पायवाटेवरून दिसेल अशा बेताने टाकत असे. संध्याकाळी त्याची घडी पेटीत जाई. पुढच्या रविवारपर्यंत तो कोणी घालत नसे. घालणारा माणूस आम्ही वाडीवर येण्याच्या आदल्या वर्षी कल्याणच्या एका इस्पितळात वारला होता. वाडीला सांगितलेलं वेगळं होतं. बाईंचे मालक सुरतेला कारखान्यात असतात, दिवाळीला येतात, असं वाडीला माहीत होतं. आईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि दोरीवर शर्ट होता. असं का, हे आईने मला कधी समजावलं नाही. शेवटच्या घरापासूनही हाक पोचेल न पोचेल अशा अंतरावर, टेकाडावरच्या खोलीत एक तरुण बाई आणि तिची मुलगी राहत होत्या. एवढं कारण मला कळत होतं.

मुरबाडहून टोकावड्याच्या गाडीत बसायचं, मध्येच फाट्यावर उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि चढायचं. घरं खाली होती, शाळा वर. दोन वर्ग, पुढे पडवी, आणि मागच्या अंगाला शिक्षकासाठी बांधलेली खोली, जिच्यात आमच्याआधी कोणी शिक्षक राहिला नव्हता. सगळे खर्डीहून किंवा मुरबाडहून येऊन-जाऊन करत. आई मुक्कामाला राहिली याचं वाडीला अप्रूप होतं, आणि थोडा संशयही. चार वाजता मुलं उताराने धावत गेली की आवाज एकदम आटत. मग खालून तुकडे येत राहायचे. कोणाचं तरी कांडण, कोंबड्यांना घातलेली साद, एका घरातला रेडिओ, एखादं हसणं, ज्याचं कारण वर पोचत नसे. मी पडवीच्या पायरीवर बसून ते ऐकायची. आत आई भात टाकायची. भात, तुरीचं वरण, बटाटा किंवा सुकट. धसईच्या बाजाराला जाणं झालं तर पालेभाजी, आणि तीही येईपर्यंत कोमेजलेली. आम्ही जेवताना फार बोलत नसू. वडिलांचा उल्लेख आई क्वचित करी, आणि तेव्हा ‘हे’ म्हणे. ‘ह्यांना पातळ वरण लागायचं’ एवढंच. वाडीसमोर ते वाक्य ‘लागतं’ असं होई. घरातला काळ आणि बाहेरचा काळ असे दोन काळ मी त्या वयात बिनचूक सांभाळत होते.

शाळेत दुपारची खिचडी शिजे. तांदूळ आणि डाळ सरकारकडून यायची. भाजी घालावी असं वरून सांगितलेलं होतं, भाजी कुठून आणावी हे सांगितलेलं नव्हतं. खिचडी जनीबाय शिजवायची. ती वाडीतलीच, उंच, हाडकुळी, कमी बोलणारी. पत्र्याच्या शेडमध्ये तीन दगडांवर पातेलं चढवायची आणि ढवळताना तोंडात मिसरी असल्यामुळे हुंकारानेच उत्तर द्यायची. पिवळी, पातळ, दररोज तीच खिचडी. आईने त्या उन्हाळ्यात ठरवलं की शाळेमागे परसबाग करायची. ती घरोघर गेली, मीही मागे गेले. प्रत्येक अंगणात तिने तेच सांगितलं: मुलांच्या पानात हिरवं काही पडावं, त्यासाठी माती, शेण, काठ्या आणि हात हवेत. एका तरुण बापाने विचारलं, “बाई, त्या मुरमात भाजी लावताय? मंग फळ्यावर भात पेरा, तो तरी येल.” सगळे हसले, आईही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पहार घेऊन आला तोच.

कामाला वाडी आली ती आपल्या पद्धतीने आली. पुरुषांनी मुरूम फोडला, ओढ्याकाठची काळी माती पाट्यांनी वर चढवली. मग भाताच्या रोपासाठी करतात तसा राब केला, म्हणजे वाफ्यांवर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या अंथरून ते सगळं जाळलं. भाजीला राब लागत नाही असं आईच्या शिक्षणात होतं. पण आपल्या हातांनी काही उगवायचं तर आधी जमीन भाजायची, हे वाडीला वेगळं सांगावं लागत नव्हतं. दोन दिवस शाळेत राखेचा वास होता आणि फळ्यावर काळी धूळ. कारवीचं कुंपण झालं, वेलांसाठी बांबूचा मांडव झाला. वृत्तपत्राच्या टेबलावर पुढे मी अनेक वर्षं काढली. ‘लोकसहभागातून’ हा शब्द बातमीत आला की मी तो कापत असे, कारण त्याच्या मागे सहसा कोणी नसतं. या एका बाबतीत तो मी राहू दिला असता.

चूक बियाण्यात झाली. बायका बियाणं घेऊन आल्या. काकडीचं बी शेणात थापून भिंतीला लावलेलं, तसंच खरवडून आणलेलं. चवळी राखेत ठेवलेली. भेंडीच्या सुक्या शेंगा चुलीवरच्या धुराने काळ्या पडलेल्या. प्रत्येकीची वेगळी चिंधी, वेगळा द्रोण. आपापलं बी आपण आपल्या कोपऱ्यात लावायचं, असं त्या धरून आल्या होत्या. आईला ते पटलं नाही. कोणाचा कोपरा चांगला, कोणाचा वाईट, कोणाच्या मुलाचा वेल मोठा, हे तिला शाळेत नको होतं. तिने सगळ्या चिंध्या एका परातीत सोडवल्या, बी हाताने मिसळलं आणि प्रत्येक मुलाच्या ओंजळीत सारखं टाकलं. जनीबायने परातीकडे हात पुढे केला होता. तो तिने मागे घेतला. बाईंना काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार. त्या दिवशी परसबागेतला कोणताही वेल कोणत्याही घरचा राहिला नाही.

पावसाळ्याचे दोन महिने मी मुख्यतः त्या बागेत काढले. इतर मुलं मधल्या सुट्टीत येत, गवत उपटत, निघून जात. मी चारनंतरही तिथेच असे. दुधीच्या पानांवर पाणी पडण्याचा आवाज भेंडीच्या पानांवरच्या आवाजापेक्षा जाड असतो, हे मला तेव्हा कळलं. ते सांगायला कोणी नव्हतं. मैत्रीण म्हणता येईल अशी एक होती, कमळी, माझ्याच वर्गातली. पण कमळीशी कुठलंही बोलणं थोडं पुढे गेलं की एका ठिकाणी येऊन थांबत असे.

“तुजा बाबा कदी येनार गो?”

“दिवाळीला.”

“गेल्या दिवालीला तं नाय आला.”

“सुट्टी नाही मिळाली.”

“माजा मामा पन सुरतला ऱ्हातो. कंचा कारखाना गो त्याचा?”

मी म्हणाले, मोठा आहे. त्यानंतर कमळी बागेत आली की मी विहिरीवर जाऊ लागले. तिने दोन-तीनदा हाक मारली आणि मग सोडून दिलं. मैत्री तुटली असं म्हणता येणार नाही; ती मी जुळूच दिली नाही. आईचंही तसंच चाललं होतं असं आज वाटतं. जनीबाय भांडी घासून झाल्यावर पडवीत टेकायची, आई आतून वह्या घेऊन यायची, आणि दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर गप्प बसायच्या.

भाद्रपदात मांडव लोंबायला लागला. काकड्या, दुधी, शिराळी, खाली भेंडी आणि चवळीच्या शेंगा. बाग बघायला वाडी येऊन गेली, सगळ्यांनी वेलांवरून हात फिरवले, मान डोलावली, आणि कोणीही एक शेंग तोडली नाही. मुलंसुद्धा नाही, जी रस्त्याकडेचा कच्चा आवळा सोडत नसत. आईने त्याचा अर्थ शिस्त असा लावला. एका सकाळी तिने स्वतः विळा घेतला, टोपलीभर भाजी तोडली आणि जनीबायपुढे ठेवली. जनीबायने भाजीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि चिरायला घेतली. त्या दिवशी खिचडीचा वास वेगळा होता. पडवीत ओळी बसल्या. मी जेवायला लागले आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की चावण्याचा आवाज फक्त माझाच येतो आहे. मुलं खिचडी चिवडत होती. भेंडीचा, दुधीचा एकेक तुकडा उचलून ताटाच्या कडेला लावत होती. कोणी तोंड वाकडं केलं नव्हतं. काहींनी भातही सोडला. ताटं उचलली तेव्हा प्रत्येक ताटाच्या कडेला हिरव्या तुकड्यांची एक ओळ होती. माझं ताट तेवढं स्वच्छ होतं. ते मी सगळ्यांच्या आधी उचलून धुतलं.

आईने जनीबायला विचारलं, बेचव झाली का. जनीबायने पातेलं खरवडता खरवडता सांगितलं, “नवं नाय झालं, बाई.”

रीत अशी होती. परसात पहिलं फळ धरलं की घरचा मोठा माणूस ते आधी वाघोबाला, गावदेवाला आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवतो. पानावर भात, त्यावर नवी भाजी, आणि मेलेल्याचं नाव घेऊन हाक. हे झालं की त्या परसाचं खायला सगळ्यांना मोकळीक. झालं नाही तोवर ते गेलेल्यांच्या तोंडचं काढून घेणं. इतर वाड्यांत हे कसं करतात ते मला माहीत नाही. मी या वाडीचं लिहिते आहे. बाजारच्या भाजीला अडचण नव्हती, विकणाऱ्याने आपलं नवं केलं असेल असं धरलं जाई. बी ज्याचं त्याने लावलं असतं तर प्रत्येक घराने आपल्या वेलाचं नवं उरकलं असतं. आता वेल शाळेचे होते.

संध्याकाळी आई मला घेऊन बुधाबाबांच्या अंगणात गेली. वाडीची सगळी देवकार्यं त्यांच्या हातची. म्हातारे, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोलण्यात मिश्किल. आईने विचारलं, शाळेचं नवं तुम्ही कराल का. अंगणात आणखी चार-पाच जण होते. बुधाबाबा म्हणाले, “करतो ना. पन नाव कोनाचं घेऊ? शालेचं कोन मेलंय?”

सगळे हसले. कोणीतरी शाळेच्या पाटीचं नाव सुचवलं, ती गेल्या पावसात फुटली होती. हसणं ओसरल्यावर बुधाबाबा समजावणीने बोलले. शाळा म्हणजे घर नाही, पण शाळेच्या घरात तुम्ही राहता, चूल तुमची पेटते, तर ते तुमचंच घर. तुमच्या घरचं कोणी गेलेलं असेल त्याचं पान मांडू. सासू-सासरे आहेत का? आई म्हणाली, आहेत, गावी. त्यांनी विचारलं, “मंग दुसरं कोन गेलेलं?”

आई म्हणाली, “कोणी नाही.”

मी तिच्या हाताला धरून उभी होते. तिचा हात तसाच राहिला, ना आवळला, ना सुटला. बुधाबाबांनी मान हलवली. “बरं हाय मंग. असंच ऱ्हावं. तुमचे मालक येतील तवा ते करतील, घरचा बाप्याच हाय तो. दिवालीला येतातच ना? तवर थांबू.” आई हो म्हणाली. आम्ही टेकाड चढून घरी आलो. तिने कंदील पुसला, पेटवला आणि भात टाकला.

त्यानंतरचे दिवस मला बागेच्या रंगावरून आठवतात. काकड्या हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. भेंडी काठीसारखी कडक झाली. दुधीवर नख टेकेना. चवळीच्या शेंगा उन्हात तडकून दाणे खाली पडत आणि शाळा सुटल्यावर कोंबड्या येऊन ते टिपत. वाडी थांबली होती, विनातक्रार, बाईंच्या मालकांसाठी. येणाऱ्या प्रत्येकाने आईला मालकांचा निरोप आला का असं विचारलं, आणि प्रत्येकाला तिने नाही म्हणून सांगितलं. दिवाळी झाली की अर्धी घरं वीटभट्टीवर जाणार होती, मुलांसकट. मांडवावर मागाहून धरलेली काही फळं तेवढी कोवळी होती. ती गेली असती तर त्या मुलांच्या पानात त्या वर्षी काही पडलं नसतं, आणि पुढच्या वर्षी पहार घेऊन कोणी वर आलं नसतं. आई रोज सकाळी मांडवाखाली जाऊन उभी राहत असे. शर्ट मात्र रविवारी धुतला जात होता.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. सुटण्याच्या वेळी आईने बुधाबाबांना बोलावणं पाठवलं. ते काठी टेकत आले, मागून मुलांच्या आया आल्या, कारण बाईंनी बोलावलं म्हणजे काहीतरी कागद असणार असं त्यांना वाटलं. जनीबाय पडवीच्या कडेला तांदूळ निवडत होती. आई उभी राहिली, वर्गात धडा सांगताना उभी राहते तशी, हात मागे बांधून. ती म्हणाली, “मोहन. माझे मालक. ते सुरतेला नाहीत. ते वारलेत, इथे यायच्या आधीच. त्यांच्या नावाचं पान मांडा.”

तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. बायकांपैकी एकीची नजर आईच्या गळ्याकडे गेली आणि खाली आली. जनीबायचे हात सुपात थांबले होते, ते पुन्हा चालू लागले. बुधाबाबांनी बराच वेळ आपल्या काठीकडे बघितलं आणि मग कामाचं बोलले, “पोरीला पुढं बसवा. घरचं मानूस लागतं.”

पळसाची पानं आली. कोवळी होती तेवढी भाजी तोडली, तीन दगडांच्या चुलीशी पानं मांडली. वाघोबा, गावदेव, आणि एक पान वेगळं. त्या पानावर भात आणि काकडीची फोड मी ठेवली. बुधाबाबांनी हाक मारली, अंगणातून पलीकडच्या अंगणात मारतात तशी, मोठ्याने, “मोहना, ये रे. नवं हाय. तुज्या घरचं हाय. खा, नि पोरांना खाऊ दे.” माझ्या वडिलांना कोणी हाक मारल्याचं ते गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं. मी दाराकडे बघितलं. बाहेर ऊन होतं आणि कारवीचं कुंपण होतं.

मग सगळे जेवले. चावण्याचा आवाज सगळ्यांचा येत होता. कमळी ताट घेऊन माझ्याजवळ आली आणि “सरक गो” म्हणून बसली. सुरतेबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. दुसरं काहीही विचारलं नाही, आणि आम्ही शेजारी बसून काकडी खाल्ली. जेवणं आटोपल्यावर ती इतरांबरोबर उताराने धावत गेली. खालून तुकडे वर येत राहिले आणि मी पायरीवर बसून ते ऐकले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोरीवर माझा फ्रॉक होता आणि आईच्या दोन साड्या. शर्ट पुन्हा कधी दिसला नाही. तो कुठे गेला, ते मी विचारलं नाही.

आईची बदली शहापूर तालुक्यात झाली, नंतर आणखी दोनदा. कुठल्याच शाळेत तिने पुन्हा बाग केली नाही. तिथे तिची चौकशी कोणी केली नाही आणि तिने कोणाला काही सांगितलं नाही. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे. या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. भाद्रपदात मी टोकावड्याच्या गाडीत बसले. ओढ्यावर पूल झाला आहे, शाळेला स्लॅब आहे, कंदिलाच्या जागी बल्ब आहे. बाग पूर्वीच्या दुप्पट आहे, मांडव लोखंडी. नव्याचा दिवस होता, हे मी विचारून गेले होते. बुधाबाबा कधीच गेले. त्यांचा मुलगा पानं मांडत होता. वाघोबा झाला, गावदेव झाला, आणि तिसऱ्या पानाला त्याने हाक मारली, “मोहनबाबा, ये रे.” मी शेजारच्या मुलीला विचारलं, मोहनबाबा कोण. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “त्यानी ही शाला बांदली ना,” ती म्हणाली. चुकीची माहिती दुरुस्त करणं ही माझी आयुष्यभराची नोकरी होती. मी ती तशीच राहू दिली.

भिंतीशी एक म्हातारी बसली होती. मिसरीवरून आणि उंच हाडांवरून मी जनीबायला ओळखलं. तिला मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “बाई कशा हायत गो?”

“गेल्या. उन्हाळ्यात.”

तिने तोंडातली मिसरी बाजूला थुंकली. मग म्हणाली, “नाव काय त्यांचं? आमी तं बाईच म्हनायचो.”

आई वारल्यापासून हे नाव मी दाखल्यांवर लिहिलं होतं, तोंडाने घेतलं नव्हतं.

“सुनंदा.”

जनीबायने ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग चुलीकडे वळून बुधाबाबांच्या मुलाला थांबवलं. “ऱ्हा रे जरा,” ती म्हणाली, “आनखी एक पान मांड.”